नमुना क्रमांक अकरा

"पत्रिका कुणाची?" छापखान्याचे मालक तांबोळी यांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

"माझी," मामा म्हणाले.

"तुमची कशी? संजयचं तर लग्न झालं की. या सूनबाईच ना?" तांबोळींनी माझ्याकडं बघितलं. "मग काय, वास्तुशांत?"

"उत्तरकार्य."

तांबोळींनी टोपण परत लावलं. "अरेरे. कोण गेलं?"

"अजून कोण नाही. अठराला माझं ऑपरेशन आहे. त्याआधी छापून ठेवावी म्हणतोय. मागं राहिलेल्यांची धावपळ नको."

तांबोळी थोडा वेळ मामांकडं, मग माझ्याकडं बघत राहिले. मी छताकडं बघितलं. मागं यंत्र धडधडत होतं आणि दोरीवर कुठल्या तरी लग्नाच्या पत्रिका वाळत होत्या.

"दिनकरराव, लग्नसराई आहे," ते शेवटी म्हणाले. "आठ लग्नांच्या पत्रिका हातात आहेत. त्यांच्या मधोमध ही कशी छापू? आणि जिवंत माणसाची दुःखाची पत्रिका आमच्या वडिलांच्या काळापासून छापली नाही हो. तुम्ही एकदा जाऊन या, मग बघा. दोन तासांत हातात देतो."

"जाऊन आल्यावर मी कशाला येऊ?" मामा म्हणाले आणि उठले.

मामा म्हणजे माझे सासरे, दिनकर लोहार. आमच्या सांगली-मिरजेकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांनी बांधकाम खात्याच्या मिरजेतल्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं नोकरी केली. पुलांच्या, बंधाऱ्यांच्या, शाळांच्या काँक्रीटचे चौकोनी ठोकळे तिथं यायचे. मामा ते यंत्रात घालून फोडायचे आणि कितव्या टनाला फुटले ते वहीत लिहायचे. नोकरी संपली तरी फोडायची सवय गेली नव्हती. नवा माठ आणला की तो भरून ठेवून किती पाणी पाझरलं ते मोजायचे. माझ्या रुखवतात आलेल्या स्टीलच्या डब्यावर ते चक्क उभे राहिले होते. डबा टिकला, म्हणून माझ्या माहेराबद्दल त्यांचं मत बरं झालं.

हे सगळं दोन हजार नऊ सालच्या डिसेंबरातलं. नोव्हेंबरात मामांच्या छातीत दुखलं, तपासणीत हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या आणि डॉक्टरांनी अठरा डिसेंबर ही तारीख दिली. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कुठकुठून माणसं इथं येतात आणि बरी होऊन जातात. पण मामांनी डॉक्टरांना विचारलं, की ऑपरेशनच्या वेळी माझं हृदय ज्या यंत्रावर चालवणार, त्याची शेवटची चाचणी कधी झाली? डॉक्टर हसले. घरी आल्यावर मामा म्हणाले, "तारीख सांगत नाहीत, म्हणजे चाचणी झालेली नाही." त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला नापास धरलं.

तांबोळींनी नाही म्हटल्यावर दुसरा कुणीही गप्प बसला असता. मामा मला घेऊन थेट संगणकाच्या दुकानात गेले आणि घरगुती इंकजेट प्रिंटर घेऊन आले. मी तेव्हा एका संगणक वर्गात शिकवत होते, त्यामुळं छपाई खातं आपोआप माझ्याकडं आलं. "मुलांच्या प्रोजेक्टसाठी का?" दुकानदारानं हौसेनं विचारलं. "घरगुती कार्यक्रम आहे," मामा म्हणाले.

मजकूर जेवणाच्या टेबलावर ठरला. मी टाइप करत होते, मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि आत्या मेथी निवडत होत्या.

"'आमचे तीर्थरूप दिनकर बाळू लोहार यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले,'" मी वाचून दाखवलं.

"अल्पशा कसं? तीन नळ्या बंद आहेत."

"पत्रिकेत तसंच लिहितात, मामा."

"म्हणजे खोटं लिहितात. दीर्घ लिही."

"दीर्घ म्हटलं की लोकांना वाटतं वर्षानुवर्षं अंथरुणावर होते."

मामांनी विचार केला. "मग मध्यम लिही."

मी 'मध्यम आजाराने' असं लिहिलं. आत्यांनी मेथीची काडी जरा जोरात मोडली.

"तारीख मोकळी सोडते," मी म्हटलं.

"मोकळी कशाला? अठरा डिसेंबर लिही. आकड्यांचीही चाचणी झाली पाहिजे. आकडा पसरला तर लोक भलत्याच दिवशी स्मशानात जाऊन बसतील."

मी तारीख लिहिली. इतका वेळ मला आतून हसू येत होतं, ते तिथं थांबलं. हा माणूस अठरा तारखेला दवाखान्यातून परत येणार नाही असं मानूनच बसला होता, आणि ते आम्हाला सांगायचं कसं हे न कळल्यामुळं टाइप करून घेत होता. मला फार वाईट वाटलं. पण सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवायची आमच्या घरात रीत नव्हती. मी अक्षर ठळक करून दिलं.

मग खाली 'शोकाकुल' आलं. आत्या, संजय, मी, माझी नणंद, तिचे यजमान. मामांनी एकेक नाव सांगितलं आणि म्हणाले, "संपलं."

"थोरल्या भावजींचं नाव?" आत्या म्हणाल्या.

"नाही."

"सख्खा भाऊ आहे."

"मी होतो का सख्खा, आईच्या वेळी?"

एवढं बोलून ते उठले आणि चुळा भरायला गेले. भांडण नऊ वर्षांचं होतं आणि मला लग्न झाल्या झाल्या आत्यांनी सांगितलं होतं. मामांची आई जतजवळच्या त्यांच्या गावी वारली. थोरल्या भावानं, यशवंतमामांनी, तिकडंच उत्तरकार्याच्या पत्रिका छापून घेतल्या. शोकाकुल म्हणून यशवंतमामांचं नाव होतं, त्यांच्या मुलांची होती, चुलतभावांची होती, सोसायटीच्या चेअरमनचंही होतं. दिनकर हे नाव नव्हतं. शेवटी 'व समस्त लोहार परिवार' एवढं होतं. मामा ती पत्रिका हातात धरून भर मांडवात म्हणाले होते, "मी समस्त आहे काय?" आणि तिथून उठून मिरजेला आले होते. त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. ऑपरेशनचंही यशवंतमामांना कळवायचं नाही, असा मामांचा हुकूम होता. आत्या रोज एकदा विषय काढायच्या आणि मामा रोज एकदा चुळा भरायला जायचे.

"हे बघ," आत्या मला हळूच म्हणाल्या, "अठराला काय व्हायचं ते होईल. पण हे दोघं न बोलता त्यातला एक गेला, तर मागं राहील त्याला ते जन्मभर पुरेल. माझं दुसरं काय मागणं नाही देवाकडं."

दुसऱ्या दिवसापासून कागदाची निवड सुरू झाली.

स्टेशनरीवाल्या पोरेंनी पहिल्यांदा सत्तर ग्रॅमचा कागद दिला. रोजच्या कामाला तोच नेतात म्हणाले. मामांनी तो उजेडाकडं धरला आणि त्यातून त्यांना पोरेंचा चेहरा दिसला. नापास. पंच्याहत्तरचा घेतला, ऐंशीचा घेतला, शंभरचा घेतला, एक फोटोचा चकचकीत घेतला. शाईचे दोन प्रकार. कंपनीची डबी, आणि पोरेंच्या भाच्यानं सुईनं भरून दिलेली. मामांनी प्रयोगशाळेत असायची तशी लांब वही आखली. प्रत्येक नमुन्याला क्रमांक. प्रत्येक नमुन्याच्या दोन प्रती, एक चाचणीला आणि एक दप्तरी.

चाचणी पहिली, मिठाचं पाणी. "दुःखाची पत्रिका आहे," मामा म्हणाले. "वाचणारा रडणार. त्याचं पाणी नावावर पडलं आणि शाई पसरली, तर गेला कोण हे कळायचं नाही." ते वाटीत मीठ कालवून थेंबाथेंबानं स्वतःच्या नावावर सोडायचे आणि घड्याळ बघायचे. सुईनं भरलेली शाई एका थेंबात वाहून गेली आणि 'दिनकर'चा नुसता निळसर ढग उरला. पण मिठाच्या पाण्यावर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. मी कांदा चिरत होते, तेव्हा ते नमुना क्रमांक सहा घेऊन स्वयंपाकघरात आले.

"जरा वाक याच्यावर," म्हणाले.

मी वाकले. काय करणार? वहीत नोंद झाली: 'सून, कांदा, तीन थेंब. किंचित फुगवटा.'

चाचणी दुसरी, घाम. पत्रिका चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवायची आणि किल्ल्यापर्यंत चालत जाऊन यायचं. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं. चालण्याबद्दल काही म्हणाले नव्हते, असं मामांचं म्हणणं. चकचकीत कागद या चाचणीत सदऱ्यालाच चिकटला, आणि 'अल्पोपहाराची सोय केली आहे' हे वाक्य उलट्या अक्षरात मामांच्या छातीवर उमटलं.

चाचणी तिसरी, म्हातारी नजर. शेजारच्या नलवडे गुरुजींना चष्म्याशिवाय वाचायला द्यायचं. गुरुजी ऐंशीचे होते. त्यांनी हात लांब करून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, हात जोडले, आणि समोर उभ्या असलेल्या मामांना विचारलं, "कधी झालं हो?"

"अठराला आहे."

"अठराला मला सांगलीला जायचंय," गुरुजी म्हणाले. "वीसला रक्षाविसर्जनाला मात्र नक्की येतो."

मामांनी वहीत 'वाचनीय' असं लिहिलं.

मधेच एके दिवशी प्रिंटर बंद पडला. पिवळी शाई संपली म्हणत होता. आमची अख्खी पत्रिका काळी. मामांना ते पटेना. "दुःखाच्या पत्रिकेत पिवळं कुठं आहे?" ते प्रिंटरलाच विचारत होते. मी सांगितलं, की हे यंत्र असंच असतं, एक शाई संपली की उरलेल्यांनाही काम करू देत नाही. "म्हणजे अगदी आपल्या घरासारखं," आत्या आतून म्हणाल्या. मामा चुळा भरायला गेले.

आत्यांची एक वेगळीच अडचण होती. दुःखाची पत्रिका वाचून झाली की फाडून टाकायची, घरात ठेवायची नाही, अशी रीत. इथं रोज चार-चार निघत होत्या. आत्या केर काढताना दिसेल ती पत्रिका उचलून टराटरा फाडायच्या. मामांचं दप्तर केरात जायला लागलं. दोन दिवस अबोला झाला आणि मग तडजोड झाली. दप्तरी प्रती घरात नकोत, दाराबाहेर चपलांच्या कपाटात ठेवायच्या. त्यामुळं येणारा-जाणारा चपला काढताना वाकला, की त्याला आमच्या घरातलं दुःखद निधन दिसायचं. माझा नवरा संजय साखर कारखान्यात, गळीत हंगाम सुरू, घरी यायचा तो झोपायला. एकदा बूट ठेवताना त्यानं बापाची पत्रिका वाचली आणि तो कपाटाशेजारी खालीच बसला. त्याला मी पाणी नेऊन दिलं.

दहा तारखेला निकाल लागला. ऐंशी ग्रॅमचा साधा पांढरा कागद, कंपनीची काळी शाई. नमुना क्रमांक अकरा. मिठात टिकला, घामात टिकला, गच्चीवर उन्हात दिवसभर पडून राहिला तरी पिवळा पडला नाही. मामांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. "साधाच कागद निघाला बघ शेवटी," मला म्हणाले. "भारी म्हणून आणलेले सगळे फुटले."

बारा तारखेला ते सगळी छपाई करायला बसले आणि दप्तर तपासायला बाहेर गेले. परत आले ते रिकाम्या हातानं.

"अकरा नंबर नाही."

"असेल की तिथंच," मी म्हटलं.

"दहा आहे. बारा आहे. अकरा नाही."

मग घराची झडती झाली. चपला बाहेर काढल्या, गाद्या उलट्या केल्या, पिठाचा डबासुद्धा उघडून बघितला. आत्या भाकरी थापत होत्या.

"तू फाडलीस का?"

"तडजोड झाल्यापासून मी एक फाडली नाही. देवाशपथ," आत्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

दप्तरी प्रत मिळाल्याशिवाय मामा छपाईला हात लावेनात. त्यांच्या प्रयोगशाळेत म्हणे असाच नियम होता, नमुना हरवला की चाचणी रद्द. तेरा तारीख शोधण्यात गेली. चौदाला सकाळी ते तेराव्या नमुन्यापासून नव्यानं सुरुवात करायच्या तयारीत होते, तेवढ्यात दाराची कडी वाजली. मी कपडे वाळत घालत होते, म्हणून मामांनीच दार उघडलं.

दारात यशवंतमामा उभे होते. मी त्यांना फक्त फोटोत बघितलेलं. डोक्याला पटका, अंगात कोपरी, एका हातात कापडात बांधलेला पितळी डबा. मामांनी दाराची चौकट धरली. मी ओले कपडे तसेच टाकून पुढं आले, कारण आता यांना काही झालं तर अठरा तारखेची वाटही बघावी लागायची नाही.

यशवंतमामांनी भावाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आत येऊ का?" म्हणाले.

"मी जिवंत आहे," मामा म्हणाले.

"दिसतंय की."

यशवंतमामा आत आले, चपला दारात सोडल्या, खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसले. डबा शेजारी ठेवला. आत्या पदर सावरत बाहेर आल्या, पाया पडल्या, आणि तांब्याभांडं ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

यशवंतमामांनी कोपरीच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून पत्रिका काढली आणि फरशीवर ठेवली. कोपऱ्यात मामांच्या अक्षरात पेन्सिलीनं अकरा लिहिलेलं होतं.

"परवा पोष्टानं आली."

मामांनी पाकीट उचललं. पत्ता मोठ्या, गोल अक्षरात होता, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं असतं तसं. त्यांनी आत्यांकडं बघितलं.

"फाडली नाही म्हणाले मी," आत्या म्हणाल्या. "टाकली नाही असं कुठं म्हणाले? पेटीत टाकली."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण मामांनी पत्रिका हातात घेतली, खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरून बघितली. नावावरून बोट फिरवलं.

"टपालातनं गेली, खिशातनं आली, तरी कुठं पसरली नाही," ते म्हणाले. मग मान वर न करता विचारलं, "पाणी पडलं होतं का हिच्यावर?"

"कसलं पाणी?"

"डोळ्याचं."

"मी कशाला रडू?" यशवंतमामा म्हणाले. "वाचली म्या. निधन अठराला. त्या दिशी होती बारा तारीख. म्हनलं, अजून गेला न्हाय, जायाचा हाय. मेल्यावर येऊन काय करायचं? आधी जाऊन यावं. काल उसाची तोड होती म्हनून आज आलो."

मामा पत्रिकेकडंच बघत होते.

"फोन करायचा," ते म्हणाले.

"फोन करून काय इचारू? कवा मरनार हाईस म्हनून?" यशवंतमामांनी पाणी प्यायलं. "आनि मध्यम आजार म्हंजे काय रं?"

"तीन नळ्या बंद आहेत. अठराला ऑपरेशन आहे."

यशवंतमामांनी भांडं खाली ठेवलं. बराच वेळ ते आपल्या धाकट्या भावाच्या सदऱ्याच्या बटणांकडं बघत राहिले. मग पत्रिका पुन्हा हातात घेऊन त्यांनी खालच्या नावांवर बोट ठेवलं.

"माजं नाव न्हाय हितं."

"नाही."

"का न्हाय?"

मामांनी नऊ वर्षं जपून ठेवलेलं बोलून घेतलं. मांडव, चेअरमन, चुलतभाऊ, समस्त, सगळं. आवाज चढला, मी पाणी घेऊन जवळ उभी राहिले. सगळं संपल्यावर यशवंतमामा म्हणाले, "कार्ड लहान हुतं, दिनू. छापनारा म्हनला, एक नाव काढा, न्हाईतर बसत न्हाय. कुनाचं काढू? चेअरमनचं काढलं तर त्यो रुसनार. चुलत्याच्या पोराचं काढलं तर भावकी रुसनार. म्या म्हनलं, आपल्या दिनूचं काढा. आपला मानूस रुसत न्हाय."

मामा खाली बसले. खुर्ची शेजारीच होती, पण ते भिंतीला टेकून भावाच्या शेजारी फरशीवर बसले.

"तेव्हा का सांगितलं नाही हे?"

"तू थांबलास कुटं? ताटावरनं उठून गेलास. नंतर म्हनलं, येवढं काय सांगायचं. त्याला कळत आसंल."

मला आठवतंय, त्या क्षणी आत्या आत गेल्या आणि उगीचच भांडी वाजवायला लागल्या. मी पण रडले, आणि या खेपेला कांदा नव्हता.

थोड्या वेळानं मामांनी डब्याकडं हात केला. "यात काय आहे?"

यशवंतमामा जरा अवघडले. "तुज्या वैनीनं दिलंय. तिला वाचता येत न्हाय. पत्रिका आली म्हनल्यावर तिनं जी रडाय सुरवात केली, ती अजून थांबली नसंल. म्या सांगितलं, अगं अजून गेला न्हाय. म्हनली, असू दे, रिकाम्या हातानं दुखवट्याच्या घरी जाऊ नये. भाकरी आनि पिठलं हाय."

आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतले लोक भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. आत्या दारातून पुढं आल्या. "भावजी, ते आधी बाहेर ठेवा. जिवंत माणसाच्या घरात कडू घास? आणि तो ह्यांच्या पुढ्यात?"

मामांनी तोपर्यंत कापड सोडलं होतं. झाकण काढून त्यांनी वास घेतला, एका भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"वहिनीच्या हाताची चव तशीच आहे," ते म्हणाले आणि दुसरा तुकडा भावाच्या हातात दिला. दोघांनी मिळून डबा संपवला. दिनकर लोहार यांच्या निधनाबद्दलचा कडू घास दिनकर लोहार यांनी स्वतः जेवला, वर कांदा मागून घेतला, आणि ऑपरेशनच्या आधी तेलकट खाऊ नका म्हणून मी सांगत होते ते ऐकलं नाही.

यशवंतमामा परत गेले नाहीत. अठरा तारखेला ते दवाखान्याच्या जिन्यात सकाळपासून बसून होते. कुणी चहा आणून दिला तरी घेतला नाही. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक म्हणाले, तेव्हा त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि तिथंच बसल्या बसल्या झोपून गेले. पुढच्या आठवड्यात मामा उठून हिंडायला लागल्यावर आत्यांनी चपलांचं कपाट रिकामं केलं आणि एकूणएक पत्रिका फाडल्या. मामांनी वही तेवढी काढून घेतली.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात यशवंतमामा गेले. गावाकडून त्यांचा मुलगा महादेव याचा मला फोन आला. तालुक्याच्या छापखान्यात गर्दी आहे, वहिनी, पत्रिका तुम्हीच काढून आणा, म्हणाला. त्यानं मजकूर पाठवला आणि शोकाकुलांची यादी पाठवली. पहिलंच नाव मामांचं होतं. आम्ही निघायच्या तयारीत होतो. मी घाईघाईनं मजकूर बसवला आणि बाहेरच्या खोलीत गेले. मामा सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"मामा, कागद कुठला घालू?" मी विचारलं. "ऐंशीचा आणायला माणूस पाठवू? घरात सत्तरचाच आहे. आणि शाई भरून आणलेली आहे."

"असेल तो घाल."

मी जाऊन पुन्हा बघितलं. यादी मोठी होती. गावातली माणसं, भावकी, पंचायतीचे लोक. पान भरलं होतं आणि शेवटची ओळ खाली जात होती. मी परत आले.

"एक नाव बसत नाही," मी म्हटलं. "अक्षर थोडं लहान करू का? मग बसतील सगळी."

"अक्षर लहान करू नको. म्हातारी माणसं वाचणार." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. "माझं काढ."

मी त्यांचं नाव काढलं, आणि पत्रिका छापायला लावली.